गोंड कोण, हे रसेलसाहेब ठरवणार काय?



मानववंशशास्त्राचे निर्वसाहतीकरण झाले पाहिजे, अशी भाषा अलीकडे विद्यापीठांतून आणि परिसंवादांतून ऐकू येते. शब्द जड आहे, पण अर्थ सरळ आहे. साहेबाने आपल्या राज्यकारभाराच्या सोयीसाठी इथल्या माणसांची जी नोंद करून ठेवली, तिच्यावर विसंबून राहू नका; त्या माणसांचे म्हणणे त्यांच्याच तोंडून ऐका. याला कोणाचा विरोध असणार? आमचाही नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की साहेबाची ती नोंदवही ग्रंथालयात धूळ खात पडलेली नाही. ती जमात पडताळणीच्या टेबलावर उघडी आहे, आणि तिच्या आधाराने आमच्या गोंड कामगाराच्या नोकरीचा आजही निकाल लागतो. परिसंवादवाल्यांनी तिकडे एकदा पाहावे, म्हणून हा लेख.

काही साथी म्हणतील, हा जातीपातीचा मामला, युनियनने यात कशाला पडावे? ज्या गोष्टीने कामगाराची नोकरी जाते, बढती थांबते, निवृत्तीच्या तोंडावर ग्रॅच्युइटी अडकते, ती युनियनची बाब नाही तर कोणाची?

आम्ही राहतो ते गढा. आज जबलपूर शहरात मिसळून गेलेली वस्ती, मदनमहाल स्टेशनापासून फार लांब नाही. पण जबलपूर हे नाव कोणाच्या खिजगणतीतही नव्हते तेव्हा गढा ही राजधानी होती. गढा-मंडल्याचे गोंड राज्य इथले. संग्रामशाहाचे बावन्न गढ इतिहासात नोंदलेले आहेत. डोंगरावरचा मदनमहाल आजही उभा आहे. राणी दुर्गावती याच घराण्याची सून. २४ जून १५६४ रोजी अकबराच्या फौजेशी लढताना तिने देह ठेवला. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी हे राज्य संपवले, पुढे ते नागपूरकर भोसल्यांकडे गेले, आणि १८१८ पासून इंग्रजांकडे. आपण मराठी माणसे या मुलखात प्रथम आलो ती सरकारी कारकून आणि शिलेदार म्हणून, हे विसरून चालणार नाही. रेल्वेने आणलेले मराठी नंतरचे.

रेल्वेने फक्त मराठी बाबू आणले नाहीत. गोंदियापासून बालाघाट, नैनपूरवरून जबलपूरपर्यंत बंगाल नागपूर रेल्वेची छोटी लाईन १९०५ पर्यंत पुरी झाली. या लाईनीवर गँगमध्ये, खलाशांत, चावीवाल्यांत गोंड माणूस भरपूर होता. ज्या जंगलातून लाईन गेली त्याच जंगलातला तो. साहेबाने १८६५ आणि १८७८ चे जंगल कायदे करून त्याचे जंगल घेतले, त्यातल्या सालाचे स्लीपर केले, आणि त्या स्लीपरखाली खडी ठोकायला त्यालाच रोजावर ठेवले. २०१५ साली छोटी गाडी बंद झाली, आता तिथे मोठी लाईन आहे, गँगमनचे नाव बदलून ट्रॅक मेंटेनर झाले आहे. (नाव बदलले, घण तेवढ्याच वजनाचा आहे.) पण त्या खलाशांची मुले-नातवंडे गढ्यात, हाऊबागेत, रेल्वेच्या चाळींत अजून आहेत.

आता या नातवाची गोष्ट पाहा. आजोबा भंडाऱ्याच्या मुलखातले, आजच्या गोंदिया जिल्ह्यातले. जमातीच्या दाखल्याला महत्त्वाची तारीख ६ सप्टेंबर १९५०, कारण अनुसूचित जमातींचा राष्ट्रपतींचा आदेश त्या दिवशीचा. त्या दिवशी कुटुंबाचे मूळ गाव कुठे होते ते विचारले जाते. गंमत अशी की त्या दिवशी गोंदिया आणि जबलपूर एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली आणि आजोबाचे गाव एका राज्यात, घर दुसऱ्या राज्यात पडले. शिवाय १९५० च्या यादीत जमातीच्या नावापुढे तालुक्या-तालुक्यांची नावे होती. तालुका ओलांडला की माणूस कागदावर आदिवासी राहत नसे. ही क्षेत्रबंधने काढली ती १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने. रेल्वेचा माणूस तर बदलीचा माणूस! छब्बीस वर्षे त्याच्या जमातीचा निकाल त्याच्या पोस्टिंगवर अवलंबून होता, असे म्हटले तरी चालेल.

दाखला महाराष्ट्रातला, म्हणून पडताळणी महाराष्ट्राच्या समितीपुढे. तिथे कागद तपासतात, दक्षता पथक गावी जाते. इथपर्यंत ठीक. पण त्यानंतर येते आप्तभाव चाचणी. सर्वोच्च न्यायालयाने २ सप्टेंबर १९९४ रोजी माधुरी पाटील प्रकरणात जो निकाल दिला, त्यात पडताळणीची रीत घालून दिली. दक्षता पथकाने आणि संशोधन अधिकाऱ्याने त्या जमातीची मानववंशशास्त्रीय लक्षणे पाहावीत, म्हणजे दैवत, विधी, चालीरीती, लग्नाची पद्धत, मर्तिकाची पद्धत, हे त्यात आले. खऱ्या आदिवासीची जागा खोट्याने बळकावू नये हा त्या निकालाचा हेतू. हेतूबद्दल आमची तक्रार नाही. पण चाचणीच्या खोलीत काय घडते?

रुळावर वीस वर्षे काढलेल्या माणसाला विचारतात: तुम्ही किती देवांचे गोंड, सहा की सात? बडादेवाची पूजा कोणत्या झाडाखाली करता? घरजावयाला काय म्हणता? त्याने ‘लमसेना’ म्हणावे अशी अपेक्षा असते. मामेबहिणीशी लग्न करण्याच्या रीतीला काय नाव? ‘दूध लौटावा’ म्हणायला हवे. प्रेत पुरता की जाळता? आता याचे लग्न रेल्वे कॉलनीतल्या मंडपात लाऊडस्पीकर लावून झालेले, बापाला दहन दिलेले ग्वारीघाटावर, घरात भाषा जबलपुरी हिंदी आणि सासुरवाडीची मराठी. घरी देव्हाऱ्यात दुर्गा आहे, भिंतीवर बाबासाहेब आहेत. तो जे खरे आहे ते सांगतो. अहवालात शेरा पडतो: जमातीची लक्षणे दिसून येत नाहीत. आमच्याकडे आलेल्या प्रकरणांत हा शेरा आम्ही वाचला आहे. ज्याने पुस्तक पाठ केले तो पास होतो. म्हणजे खोट्याला पकडायला काढलेल्या चाचणीत खोटा सुटतो आणि खरा अडकतो, कारण खऱ्याने पुस्तक वाचलेले नसते.

हे पुस्तक कोणते? मध्य प्रांतासाठी ते म्हणजे आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा चार खंडांचा जाती-जमातींचा ग्रंथ, लंडनमध्ये १९१६ साली छापलेला. मुंबई इलाख्यासाठी एन्थोव्हेनचे तीन खंड, १९२० ते १९२२ मधले. पडताळणीच्या वादांत, न्यायालयांच्या निकालांत या पुस्तकांचे दाखले आजही येतात. शंभर वर्षांपूर्वी एका जनगणना अधिकाऱ्याने जे ऐकले, जसे ऐकले, ते आज एका कामगाराविरुद्ध साक्षीदार म्हणून उभे केले जाते. आणि या साक्षीदाराची उलटतपासणी होऊ शकत नाही!

आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेली माणसे. चार खंड इंग्रजीत आहेत, ते वाचायला आम्हाला शब्दकोश घेऊन बसावे लागले. पण या शास्त्राचा कच्चा माल कुठून आला हे समजायला पदवी लागत नाही. त्याची सुरुवात आमच्याच शहरात झाली.

१८६६-६७ च्या हिवाळ्यात जबलपूरला मोठे प्रदर्शन भरले. रेल्वे अजून इथे पोचायची होती. अलाहाबादकडून ती १८६७ च्या ऑगस्टात आली, मुंबईकडून १८७० च्या मार्चात. प्रदर्शनात धान्य, कापड, अवजारे होती, आणि माणसेही होती. प्रांतातल्या आदिवासींना आणून एका समितीपुढे उभे करण्यात आले. त्या समितीचा अहवाल १८६८ मध्ये नागपूरला छापला गेला, आणि त्याच्या शीर्षकातच लिहिले आहे की जबलपूर प्रदर्शनात आणलेल्या आदिम जमातींच्या ‘नमुन्यांची’ तपासणी करून हा अहवाल केला. नमुने! गव्हाचा नमुना, कापसाचा नमुना, गोंडाचा नमुना. त्याच सुमारास कलकत्त्यालाही अशी जिवंत माणसांची मोठी सभा भरवायची टूम निघाली होती. ती बारगळली. डाल्टनसाहेबाने आपल्या १८७२ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत कारण दिले आहे: आसामच्या कमिशनरने कळवले की डोंगरी लोकांना कलकत्त्याला नेऊन परत आणताना काही जण दगावल्याशिवाय राहणार नाहीत, आणि कोणी दगावला तर सरकारला राजकीय त्रास होईल. माणसाला मांडून ठेवण्यात गैर आहे असे कोणाला वाटले नाही. अडचण वाहतुकीची होती. मालगाडीतला माल वाटेत फुटतो, तशी.

या सगळ्या व्यवहारात मजुरी कोणाला मिळाली? नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप यांनी लिंगोची गोंडी गाथा परधान गायकाकडून उतरवून घेतली. १८६३ साली हिस्लॉप नदीत बुडून वारले. १८६६ मध्ये मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी त्यांचे कागद पुस्तकरूपाने छापले. पुस्तक हिस्लॉपचे आणि टेंपलचे झाले. ज्या परधानाने रात्रंदिवस बसून हजारो वर्षांची गाथा गाऊन दाखवली, तो मुखपृष्ठावर नाही. परधान हा गोंडांचा वंशपरंपरेचा भाट. गाणे हाच त्याचा धंदा, यजमानाने दिलेले धान्य हीच त्याची मजुरी. त्याचा माल घेतला आणि नाव पुसले. कारखान्यात असे झाले तर आम्ही त्याला काय म्हणतो, ते तुम्हाला ठाऊक आहे.

रसेलच्या ग्रंथाचेही तसेच. हिरालाल कटनी-मुडवाऱ्याचे, आमच्या शेजारचे. १९०१ च्या जनगणनेपासून रसेलबरोबर राबलेले, प्रांताची गॅझेटियरे लिहिलेले, शिलालेख वाचणारे विद्वान. ग्रंथावर त्यांचे नाव आहे, पण ‘साहाय्यक’ म्हणून. आणि हिरालालांना माहिती देणारे तहसीलदार, मास्तर, पटवारी? त्यांच्या खाली कोतवाल? आणि त्याच्या खाली तो गोंड, ज्याच्या दारी हे सगळे जाऊन उभे राहिले? उतरंड पुरी रेल्वेसारखी आहे. वर साहेब, मग बाबू, मग मुकादम, आणि सगळ्यात खाली ज्याच्या अंगावर काम पडते तो. फरक इतकाच की आमच्यात निदान हजेरीपटावर नाव लागते.

आणि पुढे जे ‘गोंडांचे मित्र’ म्हणून गाजले, त्यांचेही पाहा. व्हेरियर एल्विन १९३२ साली आपले मराठी सहकारी शामराव हिवाळे यांच्यासह मैकल डोंगरात करंजियाला येऊन राहिले. माणूस मनाचा मोठा होता, हे आम्ही नाकारत नाही. बैगांची बेवर शेती सरकारने बंद केली आणि त्यांना १८९० मध्ये बैगाचकाच्या कुंपणात कोंडले, याविरुद्ध त्यांनी लिहिले. पण १९४३ साली जो वाद पेटला तो कोणाकोणात? एकीकडे एल्विन, म्हणे आदिवासींना बाहेरच्यांपासून जपा. दुसरीकडे आपल्या मालवणचे डॉ. गो. स. घुर्ये, मुंबई विद्यापीठाचे प्राध्यापक, म्हणे हे आदिवासी-बिदिवासी काही नाहीत, हे मागासलेले हिंदू, यांना मिसळून घ्या. दोघांनी त्याच वर्षी पुस्तके लिहिली. सबंध देश त्या वादात उतरला. ज्याच्याबद्दल वाद, त्या गोंडाला मात्र दोघांपैकी कोणी विचारले नाही की बाबा, तुला काय हवे? त्याचे उत्तर कदाचित दोघांनाही अडचणीचे झाले असते. त्याला जंगल हवे होते, दारूच्या ठेकेदारापासून आणि सावकारापासून सुटका हवी होती, आणि पोराला शाळा हवी होती.

कोसीबाईचे नाव किती जणांनी ऐकले आहे? एल्विन यांनी १९४० साली त्या गोंड मुलीशी लग्न केले. १९४९ मध्ये घटस्फोट झाला. एल्विन पुढे ईशान्येला सरकारी सल्लागार झाले, १९६१ मध्ये पद्मभूषण मिळाले, मृत्यूनंतर आत्मचरित्राला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या आत्मचरित्रात कोसीला जेमतेम जागा आहे. ती दिंडोरी जिल्ह्यातल्या एका खेड्यात २०१० पर्यंत जगली. शामराव हिवाळेही पाटणगढलाच राहिले आणि तिथेच संपले. परधानांवर त्यांनी १९४६ मध्ये पुस्तक लिहिले, पण एल्विनच्या सावलीत ते किती जणांना दिसले?

या सगळ्या अंधारात एक दिवा आहे, तो आपला. १९१६ साली, म्हणजे ज्या वर्षी रसेलचे चार खंड लंडनमध्ये छापून निघाले त्याच वर्षी, ९ मे रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्राच्याच वर्गात एका पंचवीस वर्षांच्या महार तरुणाने जातीसंस्थेवर निबंध वाचला. साहेबांनी आणि केतकरांनी काय लिहिले आहे ते त्याने वाचले होते, आणि तरी त्याने स्वतःचे उत्तर दिले. बाबासाहेब ज्याच्यावर संशोधन व्हायचे त्या घरातून आले आणि संशोधकाच्या खुर्चीत बसले. पुढे १९४८ साली अस्पृश्यांवरील ग्रंथात त्यांनी आणखी गंमत केली. रिस्लेसाहेबाने १८९१ पासून नाके मोजून ठेवली होती, की ज्याचे नाक रुंद तो खालचा, अरुंद तो वरचा. बाबासाहेबांनी घुर्यांनी मांडलेले नाकाचेच आकडे उचलले आणि दाखवून दिले की ब्राह्मणाच्या आणि अस्पृश्याच्या नाकांत वंशाचा फरक दिसतच नाही. साहेबाची पट्टी साहेबाच्याच सिद्धान्तावर आपटली. निर्वसाहतीकरण म्हणतात ते हे! त्यासाठी कोणी परिसंवादाचे निमंत्रण पाठवले नव्हते.

याच वाटेने नागपूरचे मोतीरावण कंगाली गेले. १९४९ चा जन्म, रामटेकजवळच्या गोंड कुटुंबातला. नोकरी रिझर्व्ह बँकेत. दिवसा बँकेचे काम आणि उरलेल्या वेळात गोंडी भाषा, कोया पुनेम, देवगढांची माहिती गोळा करणे. २०१५ साली गेले. त्यांच्या सगळ्या निष्कर्षांशी आम्ही सहमत नाही, काही ठिकाणी फार लांबची उडी आहे. पण ते चुकले तर आपल्या लोकांसमोर चुकले, आणि कचारगडच्या यात्रेत कोणीही गोंड म्हातारा त्यांना थांबवून ‘असे नव्हे, असे’ म्हणू शकत होता. रसेलला कोण थांबवणार होते? कचारगडला दरेकसा स्टेशनवर उतरून जातात. माघ पौर्णिमेला गाड्या कशा भरून जातात हे त्या बाजूच्या साथींना विचारा. त्या गर्दीत आपण गोंड कोण हे लोक एकमेकांना सांगतात. समितीचा संशोधन अधिकारी तिथे आला तर त्याचा बराच अभ्यास होईल.

आता चाचणीकडे परत येऊ. आमचा असा दावा आहे की हीच चाचणी लावली तर गढ्याचे राजघराणे नापास होईल. हृदयशाहाने १६६७ साली रामनगरला शिलालेख कोरून घेतला. तो संस्कृतात आहे आणि त्यात घराण्याची वंशावळ थेट क्षत्रियांशी जोडली आहे. शेरा: जमातीची लक्षणे दिसून येत नाहीत! राणी दुर्गावती तर जन्माने चंदेल राजकन्या. तिच्या माहेरी बडादेवाची पूजा होत नव्हती. १८ सप्टेंबर १८५७ रोजी याच जबलपुरात राजा शंकरशाह आणि त्याचा मुलगा रघुनाथशाह यांना तोफेच्या तोंडी दिले गेले. पुरावा म्हणून जो कागद सापडला त्यात शंकरशाहाने देवीला घातलेले साकडे होते, इंग्रजाचा नाश कर म्हणून. देवीची प्रार्थना, म्हणजे हिंदू चालीरीत; आप्तभाव सिद्ध होत नाही. तोफेला बांधताना मात्र साहेबाला त्याच्या जमातीबद्दल काही शंका नव्हती.

आज त्यांची स्मारके होत आहेत. विद्यापीठाला १९८३ पासून राणीचे नाव आहे. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी राणी दुर्गावतीच्या स्मारकाची आणि उद्यानाची पायाभरणी झाली, सुमारे शंभर कोटींचा खर्च, बावन्न फुटी पुतळा. १५ नोव्हेंबर २०२४ रोजी शंकरशाह-रघुनाथशाह संग्रहालयाचे उद्‌घाटन झाले. चांगले झाले. पण सरकार पुतळ्याला गोंड मानते आणि ट्रॅक मेंटेनरला मानायला पुरावा मागते, हे कसे?

पुस्तकाच्या जोरावर माणसे कुठवर भरडली जातात याचे उदाहरण विदर्भातले साथी विसरलेले नाहीत. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ जण मेले. त्यांची मागणी बरोबर की चूक हा इथला विषय नव्हे. पुढे २०१८ साली उच्च न्यायालयाने म्हटले की गोंड-गोवारी ही जमात १९११ पूर्वीच नामशेष झाली होती. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला आणि गोवारी वेगळे, गोंड-गोवारी वेगळे असे ठरवले. दोन्हीकडच्या युक्तिवादात रसेल-हिरालाल होतेच. जमात जिवंत आहे की मेली, हे जुन्या पुस्तकातल्या परिच्छेदावरून ठरवायची वेळ आली, आणि बाहेर ११४ कुटुंबे आपल्या मेलेल्यांचे वर्षश्राद्ध करीत होती.

यावर एक उत्तर हमखास येते, आणि ते खोटे नाही. लोक म्हणतात, चाचणी काढली तर बोगस आदिवासींचे फावेल. बोगस दाखले आहेत, नामसाधर्म्याचा फायदा घेऊन आदिवासींच्या हजारो जागा लाटल्या गेल्या आहेत. ही सरळ चोरी आहे, आणि ती आदिवासी कामगाराच्या ताटातली आहे. ६ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खोट्या दाखल्यावर मिळवलेल्या नोकरीला संरक्षण नाही असे सांगितले. त्यानंतर महाराष्ट्र सरकारने २१ डिसेंबर २०१९ चा निर्णय काढून अशा कर्मचाऱ्यांना अधिसंख्य पदांवर बसवले, आणि खऱ्या आदिवासी तरुणांनी त्यावर संताप व्यक्त केला तो रास्तच होता. आमची युनियन बोगसांची वकिली करणार नाही. ते सभासद असले तरी नाही. पण चोर पकडायचा तर चोराला पकडणारे साधन हवे. पाठांतराची परीक्षा हे ते साधन नव्हे.

न्यायालयालाही हे पटले आहे. २०११ च्या आनंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की स्वातंत्र्यापूर्वीच्या नोंदींना जास्त वजन द्या. स्थलांतर आणि आधुनिक राहणीमुळे जुनी लक्षणे पुसली जातात, तेव्हा आप्तभाव हीच एक कसोटी धरू नका. २४ मार्च २०२३ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ठाकूर जमातीच्या प्रकरणात पुन्हा सांगितले की ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे. निकाल येऊनही खालच्या टेबलावर प्रश्नावली तीच राहते, कारण प्रश्नावली छापलेली असते आणि निकाल वाचावा लागतो.

मग काय हवे? जमातीच्या माणसाला जमात ओळखते. सोयरीक कोणाशी झाली, गोत्र कोणते, मर्तिकाला कोण आले, हे ग्रामसभेत उघड विचारा; चार म्हातारे खोट्याला दहा मिनिटांत उघडा पाडतील. चाचणी घेणाऱ्याला गोंडी यायला हवी. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे सुमारे तीस लाख निघाले, ती अजून आठव्या अनुसूचीत नाही, आणि तिच्यातून बोलणाऱ्याची तपासणी ती न कळणारा माणूस करतो! संशोधकांनाही आमचे हेच सांगणे आहे. गढ्यात, मंडल्यात, दिंडोरीत दरवर्षी वही-टेप घेऊन विद्यार्थी येतात. माहिती देणाऱ्याचा एक दिवसाचा रोज बुडतो तो भरून द्या, त्याने परवानगी दिली तर त्याचे नाव लिहा, आणि लिहिलेले त्याच्या भाषेत त्याला परत वाचून दाखवा. नागा लोकांनी हे करून दाखवले आहे. त्यांच्या पूर्वजांची हाडे ऑक्सफर्डच्या संग्रहालयात पडून आहेत. ती परत आणायची की नाही, आणली तर कुठे ठेवायची, हे ते २०२० पासून गावोगाव बसून आपसात ठरवत आहेत. २०२४ च्या ऑक्टोबरात इंग्लंडात एका नागा पूर्वजाची कवटी लिलावाला निघाली तेव्हा त्यांनीच आवाज उठवला आणि ती मागे घ्यायला लावली. बैगाचकातल्या बैगांनाही अधिवासाचे हक्क मिळाले ते वनहक्क कायद्याखाली त्यांनी स्वतः आपल्या सीमा, आपली झाडे, आपले देव सांगितले म्हणून. देशात असे हक्क प्रथम त्यांना मिळाले.

रेल्वेकडे आमची मागणी वेगळी आहे आणि तिला खर्च काहीच नाही. जुन्या बंगाल नागपूर आणि जीआयपी रेल्वेच्या सेवानोंदी, भरतीची रजिस्टरे, गँगचे हजेरीपट यांत १९५० पूर्वीच्या कामगारांची जात लिहिलेली असे. न्यायालय ज्याला सर्वात जास्त वजन देते तो पुरावा हाच. आणि तो रेल्वेच्याच कपाटात आहे, जोवर कोणी रद्दीत काढत नाही तोवर. जुने दप्तर मोडीत काढण्यापूर्वी ही रजिस्टरे वेगळी काढून जपावीत आणि वारसाने अर्ज केला तर प्रमाणित नक्कल द्यावी, असे पत्र आमच्या शाखेने प्रशासनाला दिले आहे. इतर विभागांतल्या शाखांनीही द्यावे.

ज्या साथींची प्रकरणे समितीपुढे आहेत त्यांनी आजोबा-पणजोबांचे जे सापडेल ते शोधायला लागावे: शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, जमिनीचा कागद, रेल्वेची जुनी सर्व्हिस शीट. दक्षता पथकाच्या अहवालाची प्रत मिळणे हा तुमचा हक्क आहे, ती लेखी मागा आणि तिला लेखी उत्तर द्या. २०२३ च्या निकालाची मराठी टिपणे शाखा कार्यालयात ठेवली आहेत. पाळी संपल्यावर या, रात्री नऊपर्यंत कोणी ना कोणी असतोच.